राजाची पेज कोण शिजवतं?

तुम्ही कादंबरीचा मसुदा पाठवलाय, आणि तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अठराव्या शतकातलं, कोकण किनाऱ्यावरचं एक छोटं काल्पनिक संस्थान. राजा चाळिशीतला, दिवसेंदिवस खंगत चाललेला. धाकटी राणी त्याच्या जेवणात थोडं थोडं विष घालते आहे. राजवैद्य नाडीवर बोट ठेवताच ते ओळखतो, सह्याद्रीतली एक दुर्मीळ मुळी आणतो आणि राजाला वाचवतो. विष कोणतं दाखवू आणि मुळी कोणती, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरीच्या बाजूला चौतीस वर्षं वैद्यकी करतोय आणि दोन ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्यात. (पहिली वाचू नका. का, ते पुढे येईल.) वैद्य म्हणून विचारलंत काय किंवा लिहिणारा म्हणून विचारलंत काय, माझं उत्तर एकच आहे. विषाचं नाव शेवटच्या आठवड्यात ठरवलंत तरी चालेल. राजाची पेज कोण शिजवतं ते मात्र आज ठरवा.

आधी त्या नाडीचं बघू. चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा अशी नाही. ती ठळकपणे येते शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. तुमच्या काळात ती चांगली रुळलेली होती, पुरुषाचा उजवा हात आणि बाईचा डावा हात बघायची रीतही होती. त्यामुळे प्रसंग काळाला धरून आहे. पण मनगटाला बोट लावून ‘महाराज, आपणांस सोमल दिला जातोय’ म्हणणारा वैद्य फक्त नाटकात असतो. (सोमल म्हणजे आर्सेनिकचं विष.) नाडीवरून ज्वर कळतो, क्षीणता कळते, वायू भडकलाय की कफ दाटलाय याचा अदमास येतो, माणूस घाबरलाय हेही कळतं. कुणी काय घातलं हे नाडी सांगत नाही. आणि पडद्याआडच्या राणीच्या हाताला दोरा बांधून त्या दोऱ्यावरून नाडी बघणारा वैद्य तर कृपा करून नकोच, तो फार झाला.

मग नाडी धरून वैद्य करतो काय? माझे आजोबा नाडी धरली की नजर रोग्यावरून काढून दाराकडे लावत. एकदा एका खोतांच्या घरी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, असेन नऊ-दहा वर्षांचा. खोत दोन महिने अन्न टाकून पडलेले. आजोबांनी विचारलं, “भूक?” उत्तर धाकट्या सुनेकडून. “झोप?” उत्तर सुनेकडून. “पोट साफ?” तेही सुनेकडून, आणि वेळेसकट. आजोबांनी मनगट सोडलं नाही. म्हणाले, “बाय, जरा ऊन पाणी आण गो.” ती आत वळली तेवढ्यात ते खोतांच्या कानाशी वाकले आणि एकच विचारलं, “जेवता कुणाच्या हातचं?” म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. विष-बिष काही नव्हतं. थोरली सून माहेरी गेल्यापासून त्यांना मऊ भात कुणी करून घातला नव्हता. तोंडात दात नाही, सुका भात गिळवत नाही, आणि धाकटीला सांगायची लाज. आजोबांनी पुड्या दिल्या त्या नावापुरत्या. पण प्रत्येक पुडी आटवलातूनच, म्हणजे मऊ भातातूनच, घ्यायची अशी ताकीद दिली. आता औषध द्यायचं म्हणजे घरात दोन वेळा आटवल शिजणं आलं. पंधरा दिवसांत खोत ओटीवर येऊन बसले आणि नाव झालं पुड्यांचं.

तुमच्या राजवैद्याच्या हातातलं खरं शस्त्र हे आहे. औषध कशाबरोबर घ्यायचं, म्हणजे अनुपान, आणि काय खायचं नाही, म्हणजे पथ्य. या दोन गोष्टींवर त्याचा शब्द चालतो. कारभाऱ्याला राजाच्या शयनगृहात हुकूम देता येत नाही, सेनापतीला मुदपाकखान्यात पाऊल टाकता येत नाही. वैद्य मात्र ‘पथ्य’ एवढा एक शब्द उच्चारून आचारी बदलू शकतो, राणीच्या हातचा विडा बंद करू शकतो, राजाला एकांतात झोपवू शकतो. दरबारातल्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते त्याला सांभाळून असतात आणि त्याच्यावर डोळाही ठेवून असतात.

आपल्या शास्त्राला हे फार पूर्वी कळलेलं आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा सातवा अध्याय अन्नरक्षेचा. सुरुवातच अशी: ‘राजा राजगृहासन्ने प्राणाचार्यं निवेशयेत्’. राजाने वैद्याला वाड्याच्या जवळ ठेवावं. कौटिल्य सांगतो की राजाला औषध देण्याआधी ते वैद्याने स्वतः चाखावं, शिजवणाऱ्याने आणि वाटणाऱ्यानेही चाखावं. सुश्रुत त्याही पुढे जाऊन वैद्याला थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवतो. कल्पस्थानाचा पहिला अध्याय काढा, तुमच्यासारख्या लेखकाला तो महिनाभर पुरेल. वैद्य कसा असावा याची तिथे यादी आहे: कुलीन, धार्मिक, निर्लोभी, सदा जागा, आणि ‘सुभृत’. सुभृत म्हणजे ज्याचं पोट नीट भरलं जातं असा, सोप्या मराठीत ज्याला पगार वेळेवर मिळतो असा. या एका शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. सहा महिने तनखा थकलेला राजवैद्य घ्या आणि बघा तुमचं कारस्थान कुठून आपोआप सुरू होतं ते.

त्याच अध्यायात विषारी अन्नाच्या परीक्षा आहेत. अन्न अग्नीत टाकलं तर तडतडतं आणि ज्वाळेला मोराच्या गळ्यासारखा रंग येतो. त्यावर बसलेल्या माश्या मरतात. चकोराचे डोळे पालटतात, पोपट-मैना ओरडतात, आणि वाग्भट म्हणतो, कावळ्याचा आवाज बसतो. आजच्या रसायनशास्त्राला यातलं किती पटेल हा वेगळा विषय, पण तुमच्या पात्रांचा यावर विश्वास होता आणि कादंबरीला तेवढं पुरतं. फक्त सोन्याच्या पिंजऱ्यातला चकोर आणू नका, तो सगळेच आणतात. आपल्याकडे कावळा आहे की. जेवणाआधी अंगणात काकबळी ठेवायची रीत घरोघरी होती. म्हणजे राजाच्या ताटातला पहिला घास रोज, न चुकता, एका साक्षीदाराच्या पोटात जातो आणि ते कुणाच्या ध्यानीमनी नसतं. वैद्य रोज सकाळी वाड्याच्या मागच्या माडावर नजर टाकतो. कावळे मोजतो. एवढंच दाखवा, स्पष्टीकरण देऊ नका.

विष घालणारा माणूस ओळखायच्या खुणाही आहेत. वाग्भट म्हणतो: तोंड काळवंडलेलं आणि सुकलेलं, दाही दिशांना भिरभिरती नजर, घाम, कंप, चालताना अडखळणं, आणि जांभया. जांभया बघा. घाबरलेला माणूस जांभया देतो हे मी दवाखान्यात हजारदा पाहिलंय, पण कादंबरीत खुनी माणूस जांभई देताना कुणी दाखवत नाही. सुश्रुताच्या यादीत विचारलं तर उत्तर न देणं, बोटं मोडणं, जमीन उकरणं, विनाकारण हसणं असंही आहे. आणि मग तो जे पुढे म्हणतो त्यासाठी मी त्याला हात जोडतो. राजाच्या भीतीनं किंवा त्याच्या हुकुमाच्या घाईनं भली माणसंही अशीच वागतात, म्हणून नीट पारखून घ्या, असं तो बजावतो. म्हणजे या खुणा पुरावा म्हणून चालत नाहीत हे लिहिणाऱ्यालाच माहीत होतं. तुमची कादंबरी या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे. आचारी थरथरतोय. दोषी आहे म्हणून, की राजवैद्य आपल्याकडे बघतोय म्हणून? वैद्याने बोट दाखवलं की त्या माणसाचा कडेलोट ठरलेला. आणि बोट चुकलं तर?

यात भर अशी की वाड्यात विष असण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे वैद्याची स्वतःची पेटी. काजरा, बचनाग, सोमल, बिब्बा ही सगळी आपल्याकडची औषधं आहेत, शोधन केल्यानंतरची, म्हणजे त्यांचा विषारीपणा काढल्यानंतरची. वैद्याच्या घरी ती शोधनाआधीच्या रूपातही असणारच. तेव्हा राजा ओकायला लागला की पहिली झडती वैद्याच्या पेटीची. तुमच्या मसुद्यात त्याच्यावर एकदाही संशय घेतला जात नाही, हे मला पटत नाही. त्याच्या हाताखाली खल घोटणारा शिष्य असेल, सहाणेवर मात्रा उगाळणारी विधवा बहीण असेल. कुणाच्या हातून किती वळसे उगाळले गेले हे रात्री दिव्याच्या उजेडात कोण मोजतंय? माझ्या मते तुमची नायिका ही बहीण आहे. राजवैद्याला दरबारी पागोटं आहे. तिला सगळं माहीत आहे आणि तिला कुणी विचारत नाही.

आता विषांकडे येतो, पण फार रेंगाळत नाही. काजरा, ज्याला घाटावर कुचला म्हणतात, कोकणात बांधाबांधावर आहे. म्हणून लेखक तोच उचलतात. पण तो इतका कडू की खिरीत लपत नाही, आणि त्याचं मरण झटक्यांचं, आरडाओरड्याचं असतं. गुपचूप खंगवण्याच्या कामाचा तो नाही. बचनाग उलट. तो हिमालयातला, कोकणात उगवत नाही, गांध्याच्या दुकानातून आणावा लागतो. म्हणजे चोपडीत नोंद. एका काष्ठौषधी विकणाऱ्याच्या चोपडीतली एक ओळ, शाई जरा फिकट, कोणाच्या नावे ते खाडाखोड केलेलं. चकोरापेक्षा हे मला कधीही जास्त आवडेल. सोमलाचं दुखणं हगवण-ओकारीचं. पावसाळ्यात पटकीने माणसं पटापट मरत त्या मुलखात ते वेगळं ओळखणार कसं? शरीरात सोमल आहे हे खात्रीनं दाखवणारी मार्शची चाचणी निघाली १८३६ साली, तीही इंग्लंडात. तुमच्या काळात कुणालाही काहीही सिद्ध करता येत नाही. हा तुमच्या कथेतला अडथळा समजू नका, इंधन समजा.

ग्रंथांत एक ‘गर’ नावाचा प्रकार आहे, त्याचा जरूर विचार करा. संयोगाने तयार झालेलं, हळूहळू भिनणारं विष. नवऱ्याची मर्जी राहावी म्हणून बायका अन्नातून शरीराचा मळ, घाम असलं काही घालतात आणि त्यातून हे होतं, असं जुने ग्रंथकार लिहितात. लक्षणं पांडुरता, मंदावलेली भूक, पोट चढणं, सूज. बायकांवर ढकलायची ही सवय तुम्हीही जशीच्या तशी उचलली आहेत, त्याबद्दल नंतर बोलू. पण ‘गर’ या शब्दाची गंमत अशी की त्यात जादूटोणा, वशीकरण आणि विष यांच्यामधली भिंत नाही. वाड्यातल्या लोकांच्या मनातही ती नव्हती. एकाच दुखण्याला वैद्य ‘गर’ म्हणेल, कुणबीण ‘करणी’ म्हणेल, हकीम असेल तर तो जहरमोहरा, म्हणजे विष उतरवणारा खडा, काढील आणि गुरव देवाला कौल लावील. चौघं चार ठिकाणी बरोबर.

रोगाचं नाव हे लिहिणाऱ्याच्या हाताबरोबर बदलतं, हे ऐतिहासिक लेखकाने पाटीवर लिहून ठेवावं. ३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज रायगडावर गेले. सभासद आपल्या बखरीत म्हणतो ज्वराची व्यथा झाली. मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रात रक्तातिसार आहे. आणि विषाची कुजबुज तर झालीच. पुढे १६८१ साली संभाजी महाराजांवर खरोखरच विषप्रयोगाचा प्रयत्न झाल्याचं इंग्रजांच्या पत्रव्यवहारात येतं. माशांच्या पदार्थात विष होतं, एका लहान पोराने सावध केलं आणि तो पदार्थ कुत्र्याला व एका नोकराला घालून पाहिला, अशी हकीकत. पोर! राजवैद्य नव्हे, चकोर नव्हे. मुदपाकखान्यात लुडबुडणारं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं पोर. इतिहास कधी कधी आपल्यापेक्षा चांगला लिहितो.

विष नसलेली मरणंही विसरू नका. रत्नागिरीकडे फुरसं जागोजागी. वीतभर जनावर, पण चावलं की हिरड्यांतून रक्त यायला लागतं आणि ते गोठत नाही. माझ्या वैद्यकीच्या पहिल्या वर्षी असा एक गडी रात्री पडवीत आणून टाकला होता. थुंकी लाल, जुन्या जखमेची खपली निघून तिथूनही रक्त, आणि शुद्ध अगदी स्वच्छ, स्वतः सांगत होता, “चप्पल घालूक विसरलंय.” मी काही न करता त्याला तालुक्याला पाठवला आणि तो वाचला, कारण तिथे लस होती. १७४० साली काय झालं असतं? दोन दिवसांनी सगळ्या वाड्याने म्हटलं असतं की तोंडातून रक्त आलं, म्हणजे नक्की विष. लाल विंचूही तसाच. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावरचे उपचार बसवले ते अगदी अलीकडे, त्याआधी कोकणात त्याने कितीतरी पोरं नेली. जोड्यात विंचू निघाला तर तो कुणी ठेवला की आपणच शिरला, हा प्रश्न तुमच्या राजवैद्याला सोडवता येऊ नये.

आता माझी फजिती. पहिल्या कादंबरीत मी एक हकीम आषाढात गलबतातून आणला. काळी रात्र, वादळ, तांडेल शिडाशी झुंजतोय, वर्णन झोकात. देवगडकडच्या एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, दोनच ओळी: ‘आषाढात आमच्याकडे होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. आपला हकीम पोहत आला काय?’ कोकणातला माणूस असून मी ही चूक केली. पावसाळ्याचे महिने समुद्र बंद, नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावर दर्या मोकळा. राजकारणाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. तेवढे महिने बाहेरची कुमक नाही, बाहेरचा वैद्य नाही, बाहेरचं औषध नाही. घाट चिखलाने अडलेले. वाड्यात जी माणसं आहेत तीच, एकमेकांच्या उष्ट्या श्वासात कोंडलेली.

म्हणून वैद्यालाही आगोट भरावी लागते. गृहिणी सुकी मासळी, आमसुलं, कुळीथ भरून ठेवते तशी त्याची आगोट औषधांची. हिंग आखाताकडून येणारा, पारा-गंधक बंदरावर उतरणारं, जटामांसी उत्तरेतली. हे सगळं वैशाखाच्या आत घरात हवं. आणि कोकणातल्या पावसात चूर्णं टिकत नाहीत. बरणीचं तोंड कितीही घट्ट बांधा, श्रावणात झाकण काढलं की आधी बुरशीचा वास येतो, मग बोटाला ढेकूळ लागतं. म्हणून पावसाळ्यासाठी आसवं-अरिष्टं, घट्ट वळलेल्या गोळ्या, सहाणेवर उगाळायची अख्खी मुळं. ज्याला राजवैद्य निकामी करायचा आहे त्याने विष आणायची गरजच नाही. ज्येष्ठात त्याच्या कोठीचं एक कौल सरकवलं की झालं.

तुमच्या दुर्मीळ मुळीचंही असंच. सात डोंगरांपलीकडची, पौर्णिमेला उपटायची मुळी कादंबरीच्या पानावरच रुजते. अतिसाराला कोकणातला वैद्य कुड्याचं पाळ, म्हणजे साल, वापरी, आजही वापरतो. जीर्णज्वराला सातविणीची साल. तळकोकणात अजूनही काही घरांत नरकचतुर्दशीच्या पहाटे तिचा कडूजहर रस घोटभर पितात आणि मग फराळाला बसतात. राजाला वाचवणारं झाड वाड्याच्या कुंपणालाच असू द्या. कठीण आहे ते झाड शोधणं नव्हे. ते कोणाच्या हातचं, कशातून आणि किती दिवस राजाच्या पोटात जाईल, हे कठीण.

इथे तुमच्या धाकट्या राणीकडे येतो. तिला राजा मरून काय मिळतं? पेशवाईच्या काळातल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही घराण्याचा कागद काढा, खरी आग वारसाची. सावंतवाडीचे खेम सावंत तिसरे १८०३ साली निपुत्रिक वारले. गादीचं भांडण लांबत गेलं. शिंदे घराण्यातून आलेल्या त्यांच्या विधवा राणी लक्ष्मीबाईंनी १८०५ साली एक मुलगा दत्तक घेतला, आणि दोन-तीन वर्षांत त्या पोराला अंथरुणातच गळा दाबून मारलं गेलं. विषाच्या शोधात कुणी गेलंच नाही. आंग्र्यांचं कुलाबा बघा. दुसरे रघोजी १८३८ च्या अखेरीस गेले तेव्हा पत्नी गरोदर. मुलगा झाला, कान्होजी नाव ठेवलं, आणि काही महिन्यांत ते बाळही गेलं. दत्तकाची परवानगी मागितली ती कंपनी सरकारने दिली नाही, आणि १८४० मध्ये संस्थान खालसा. ज्या पहिल्या कान्होजी आंग्र्यांच्या नावाने फिरंगी आणि इंग्रज बिचकत, त्यांचं राज्य शेवटी एका सुइणीच्या हातात येऊन थांबलं होतं. तुमचा किल्ला कुलाब्यासारखा असेल, ओहोटीला चालत जाता येणारा आणि भरतीला तुटणारा, तर ती सुईण किनाऱ्यावर पाणी उतरायची वाट बघत उभी आहे. याच्यापुढे चाकूची चमक काय करणार?

याच ओघात एक बारकी पण घातक चूक. सहाव्या प्रकरणात राणी चार महिने गरोदरपण लपवते. तुमच्या काळातल्या वाड्यात ते शक्य नाही. कावळा शिवला की बाई बाहेर बसते, आणि ती बसली नाही हे त्याच महिन्यात पाणी भरणाऱ्या कुणबिणीपासून देवघरातल्या भटजीपर्यंत सगळ्यांना कळतं. लपवायचं असेल तर तिला खोटंखोटं बाहेर बसावं लागेल, दर महिन्याला चार दिवस, आणि एक कुणबीण फोडावी लागेल. मग ती कुणबीण सगळ्यांत महाग होते. हे लिहा, प्रकरण आपोआप चांगलं होईल.

हकिमाचं पात्र ठेवा, ते जमलंय. फक्त त्याला आणि वैद्याला कट्टर वैरी करू नका. किनाऱ्यावर वैद्यकीची सरमिसळ जुनीच. गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी उपचाराला जाई, इथल्या वैद्य-हकिमांकडून शिके, आणि १५६३ मध्ये त्याने गोव्यातच औषधींवरचा ग्रंथ छापला. मेल्यानंतर बारा वर्षांनी पोर्तुगिजांच्या धर्मसभेने (इन्क्विझिशनने) त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो मूळचा यहुदी. दरबारी वैद्यावर मरणानंतरही खटला चालू शकतो हे लक्षात असू द्या. फिरंग्यांबरोबर आलेला गरमीचा रोग आपण ‘फिरंग’ म्हणून भावप्रकाशात नोंदवला आणि त्यावरची चोपचिनीही त्यांच्याच जहाजातून घेतली. तुमच्या कथेतला राजा बंदरावरचा माणूस आहे. त्याचं खंगणं फिरंगाचं असू शकतं, आणि वैद्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत असून बोलता येत नाही, ही शक्यता तुमच्या डोक्यात आली नाही याचं मला नवल वाटलं.

भाषेबद्दल थोडंच. रक्तदाब, ॲलर्जी, इन्फेक्शन हे शब्द पात्रांच्या तोंडून काढा, अगदी मराठी करूनही नकोत. जुन्या पत्रांत ‘शरीरी समाधान नाही’ असं येतं, ‘ज्वरांश आहे’ असं येतं. राजा मरणाच्या दारात असतानाही बाहेर जाणाऱ्या पत्रात ‘शरीरी किंचित समाधान नाही’ एवढंच असणार, आणि वाचणारा ते ‘किंचित’ वाचून घोडे काढणार. ताटातून बटाटा, टोमॅटो, चहा काढा. मिरची आणि काजू राहू द्या. देवीची लस कुणाला टोचू नका, ती मुंबईत पहिल्यांदा टोचली १८०२ साली.

आता मी तुमच्या जागी असतो तर. राणीला सोडून दिली असती. विष घालायला लावतो कारभारी, आणि त्याला राजा मरायला नको आहे. राजा मेला तर थोरल्या राणीचं माहेर फौज घेऊन येईल, बरा झाला तर हिशेब मागेल. दत्तकपत्रावर शिक्का होईपर्यंत राजा अंथरुणात हवा, जिवंत आणि दुबळा. वैद्याला संशय येतो, पुरावा नाही. बोट दाखवलं तर एखादा निरपराध आचारी जातो. म्हणून तो एकवीस दिवसांचं पथ्य सांगतो. फक्त पेज, नवं मडकं, विहिरीचं पाणी त्याने स्वतः काढलेलं, आणि शिजवणार त्याची विधवा बहीण. कारभारी तोंडभरून मान्यता देतो. दहाव्या दिवशी राजा उठून बसतो. अकराव्या दिवशी कारभारी वैद्याकडे थकलेला तनखा पाठवतो, सगळा, एकरकमी. वैद्य थैली उघडतो, मोजतो, आणि बहिणीला विचारतो की आज कावळे किती होते.

इथून पुढे तुम्हाला माझी गरज नाही. विष कोणतं ते कारभाऱ्यालाच विचारा. तुमच्या मसुद्यातलं मस्कतचं गलबत मात्र समुद्र बंद व्हायच्या आत, वैशाखात आणा.